प्रवासाचे प्रयोजन

कळमन्याच्या बाजारासमोर माझं दुकान :
झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड,
आणि बोर्डावर जागा उरली म्हणून शेवटी
सर्व प्रकारचे फॉर्म.

निरापद मंडल आला
तेव्हा अंगाला त्याच्या संत्र्यांचा आणि डिझेलचा वास.
"ताई, तिकडं जायचा कागद भरून द्या."
तिकडं म्हणजे?
"बेनापोल. बॉर्डरच्या पल्याड."
अरे, अकरा खेपा झाल्या की तुझ्या!

"गाडी जाते, ताई. संत्रं जाते.
गाडीले कोणी तरी चालवाले लागते म्हणून मले घेतात आत.
पासावर गाडीचा नंबर मोठा, माहं नाव बारीक.
मंग यार्डात उभं राहाचं.
मागच्या खेपेले नऊ दिवस.
गेटाबाहेर पाय टाकू देत नाही."

मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

नाव : निरापद.
म्हणजे ज्याला धोका नाही तो,
की ज्याच्यापासून नाही तो?
त्याला रकाना नव्हता.

जन्मस्थळ : मूलचेरा, जिल्हा गडचिरोली.
"तवा चांदा होता. आमी जागचे हललो नाही,
जिल्हाच सरकला."

वडिलांचे जन्मस्थळ : खुलना.
देश?
यादी उघडली तर तीत आजचेच देश.
"बापाले इचारलं होतं एकदा, कोणता देश होता म्हणून.
तो म्हणे, चारीकडं पाणी होतं."

ओळखीची खूण : डाव्या अंगठ्यावर
पेटीच्या खिळ्याचा वण.

इथवर आलो बरे.
मग प्रवासाचे प्रयोजन.
पर्यटन, व्यापार, उपचार, नातेवाईकांची भेट,
यांपैकी एक निवडा.

निरापद पंख्याकडे पाहत राहिला.
मग म्हणाला,
"चाहाचे पैसे द्याचे आहे."

यार्डाच्या जाळीपलीकडे एक म्हातारा,
किटली घेऊन येतो सकाळी.
जाळीच्या भोकातून बोट जाईल एवढा कप.
पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, खाइसो?
"माही माय अशीच इचारे. खाइसो.
ती गेल्यावर कोणी इचारलं नाही तसं.
माहे पोट्टे तर मराठीतच भांडतात."

चार दिवस चहा उधार.
पाचव्या पहाटे नंबर लागला, पेट्या उतरल्या,
शिपायानं काठी आपटली : चलो, चलो, खाली गाडी बाहर.
म्हातारा अजून यायचा होता.

मी म्हटलं, दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती पाठव ना,
चाळीस-पन्नास टका तर असतील.
"पाठवता येते, ताई.
पण उधारी माह्या नावची आहे.
तिकडं माह्या नावचं तेवढंच आहे."

व्यापार टाकावं तर कंपनीचं पत्र हवं.
नातेवाईक टाकलं,
तर लगेच खाली दोन रकाने उगवले : नाव, पूर्ण पत्ता.
"नाव नाही मालूम. चाचा म्हणो मी."
पत्ता?
"आतून मोजलं तर जाळीचा तिसरा खांब."

आम्ही दोघंही हसलो, जरा जास्तच.
तेवढ्यात पडदा पांढरा झाला :
आपली वेळ संपली आहे. कृपया पुन्हा सुरुवात करा.

बाहेर हमाल ओरडत होते, चढव, चढव.
कोणाच्या तरी गाडीत उद्याची संत्री चढत होती,
त्यांना कोणी प्रयोजन विचारलं नव्हतं.

केली पुन्हा सुरुवात.
नि. रा. प. द.
यावेळी मूलचेऱ्याचं स्पेलिंग पाठ होतं.
आणि त्या रकान्यात मी काय निवडलं
ते मी इथे सांगणार नाही, अर्ज अजून तपासणीत आहे.

पैसे नको म्हटलं त्याला.
त्यानं स्टेपलरखाली ऐंशी रुपये सरकवले.
"घ्या, ताई. एका जागची उधारी पुरते मले."